राखलेला सडा

आमच्या रत्नागिरीत वाळवंट आहे असं म्हटलं की लोक हसतात. समुद्र, आंबे, पोफळी आणि धो धो पाऊस असलेल्या जिल्ह्यात वाळवंट कुठून आलं? अशा माणसाला मी वाद न घालता स्कूटरवर मागे बसवतो आणि मे महिन्याच्या भर दुपारी सड्यावर नेऊन उभा करतो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार. पावसाळ्यात तिथे डबकी साचतात, फुलं येतात आणि फुलांमागोमाग फोटो काढणारे येतात. ते गेले की उरतो तो काळा कातळ आणि त्याच्या खळग्यांतून बोटभर माती. सावलीला एक झाड नाही. चपला काढून दहा पावलं चालून दाखवा, मग बोलू, असं मी म्हणतो. आजवर एकानेही चपला काढलेल्या नाहीत.

मला स्वतःला हे कळायला आखातात जावं लागलं. एका बंदरातल्या गोदामावर मी चौदा वर्षं नोकरी केली. गोदामाच्या मागे नजर पोचेल तिथवर वाळू होती. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे एसीत झोपायचे. मला त्या गारठ्यात सर्दी व्हायची, म्हणून मी कंटेनरच्या सावलीत डबा घेऊन बसायचो. तिथे वाळूच्याच रंगाचे चिमणीएवढे पक्षी तुरुतुरु पळताना दिसायचे. मधेच एखादा सरळ वर जायचा, गाणं म्हणायचा आणि दगड पडावा तसा खाली यायचा. हे आपण कुठेतरी पाहिलंय, असं मला सारखं वाटत राही. कुठे, ते आठवायला दोन वर्षं लागली. लहानपणी गवत कापणाऱ्या माणसांची न्याहारी घेऊन मी सड्यावर जायचो, तिथे. पक्षी अगदी तेच नव्हते, पण त्यांची भावकी एकच होती. जिथे पाणी नाही, झाड नाही, तिथे उघड्या जमिनीवर अंडी घालून संसार करायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा.

कायमचा परत आलो, मांडवीला घर घेतलं आणि दर रविवारी गावच्या सड्यावर जायला लागलो. शिमग्यापासून पाऊस लागेपर्यंत, ठरल्या वेळी, ठरल्या फेरीने, दिसेल तो पक्षी वहीत लिहायचा. गोदामात माल मोजायची सवय होतीच. बायको शेजारणींना सांगायची, लोकांचे नवरे गल्फमधून सोनं आणतात, आमच्या ह्यांनी चिमण्या मोजायची खोड आणली. खरंच होतं ते. पंचवीस वर्षांच्या वह्या आज माझ्या कपाटात आहेत.

त्यांतली पानंच्या पानं माळटिटवीची आहेत. आपली नेहमीची टिटवी शेताच्या बांधावर कल्ला करते. ही तिची अबोल बहीण. डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांपुढे पिवळी झालर, लांब पिवळे पाय. हिला ओल नको, झुडूप नको, उंच गवत तर मुळीच नको. कातळावरच्या खड्यांत चार अंडी घालते आणि ती अंडी खड्यांत अशी मिसळतात की पायाखाली आली तरी दिसायची नाहीत. तिच्या सोबतीला चंडोल, आणि हवेत कोलांट्या घेणारा डोंबारी. पण माझा जीव माळटिटवीवर. का, ते सांगता येणार नाही. एवढ्या उन्हात, एवढ्या उघड्यावर, कोणाकडे काही न मागता बसलेली असते, म्हणून असेल.

आमच्या वाट्याच्या सड्याखाली एक वाडी आहे. तिथे वहिनी राहते. सख्खी नव्हे. तिच्या नवऱ्याला मी लहानपणापासून दादा म्हणायचो, म्हणून ती वहिनी आणि मी तिचा भावजी. दादा मुंबईला गिरणीत होता, तिथेच वारला. मुलगाही मुंबईलाच चिकटला. घरात वहिनी आणि गोठ्यात तिची गावठी गुरं, एकेकाळी पाच, मी सांगतो त्या वर्षी तीन. दूध म्हणाल तर चहापुरतं. पण मुलगा दर दिवाळीला म्हणायचा, आई, घर बंद कर आणि चल माझ्याकडे. आणि वहिनी दर दिवाळीला म्हणायची, गुरांना कोण बघंल? मुलाकडे त्यावर उत्तर नव्हतं. ती गुरं होती म्हणून वहिनी आपल्या घरात होती, एवढी साधी गोष्ट होती आणि ती सगळ्या वाडीला माहीत होती.

तिच्या गुरांची वाट वाडीतून चढून आमच्या सड्यावरून पलीकडच्या पाणवठ्याकडे जायची. किती वर्षांची, कोणाला ठाऊक नाही. कार्तिकात गवत कापून झालं की गुरं खुंट चरायची आणि शिमग्यापर्यंत सडा हजामत केल्यासारखा स्वच्छ व्हायचा. मग टिटव्या अंड्यावर बसायच्या. गाय चरत चरत जवळ आली की माळटिटवी पंख पसरून तिच्या नाकासमोर उभी राहायची आणि एवढी मोठी गाय बाजूने निघून जायची. हे मी डोळ्यांनी कितीदा पाहिलं होतं. वहीत लिहूनही ठेवलं होतं.

तरीही मी करायचं ते केलंच. अकरा वर्षांपूर्वी एका जोडीवर मी तीन रविवार नजर ठेवून होतो. चौथ्या रविवारी गेलो तर अंडी चिरडलेली, बलक वाळलेला, त्याला मुंग्या लागलेल्या, आणि शेजारच्या मातीत खुराचा ठसा. माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला फार लागत नाही, हे घरचे सांगतील. तसाच उतरून वहिनीच्या अंगणात गेलो आणि उभ्या उभ्या तिला सुनावलं. ती सूप हातात धरून बसली होती. मधे एकदा काही बोलायला गेली, पण मी थांबलो नाही. आणि पाऊस लागायच्या आत माणसं लावून आमच्या वाट्याच्या सड्याला सगळीकडून गडगा घातला. कंबरभर उंचीचा, सुक्या जांभ्या दगडांचा, वर काटेरी शिरी, म्हणजे सुक्या फांद्या. डांबरी रस्त्याच्या बाजूला कवाडी केली आणि तिला कुलूप.

कोकणात वहिवाट बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. वीतभर वाटेसाठी आमच्याकडे सख्खे भाऊ कोर्टात आयुष्य काढतात. वाडी भांडणाची वाट बघत बसली होती. मीही सातबारा काढून तयारीत होतो. वहिनी ना तलाठ्याकडे गेली, ना पंचायतीत. गडग्याची शेवटची बाजू चढत होती त्या दिवशी गुरं घेऊन आली, दगड रचणाऱ्या माणसांपासून चार हात लांब उभी राहिली आणि मला म्हणाली, “भावजी, गुरां गवात खातात. अंडी खात नाय.”

मी तिला पाव तास भाषण दिलं. उन्हात, माणसांसमोर. आखातात पक्ष्यांसाठी कुंपण घातलेली राखीव जागा मी पाहिली होती, तिथून सुरुवात केली. वहिनीने सगळं ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाली आणि गुरं वळवली.

पुढे ती गुरांना डांबरी रस्त्याने लांबून नेऊ लागली. त्या रस्त्याला चिरेखाणीचे ट्रक असतात. एका गाईला धक्का लागून पाय अधू झाला. दुसऱ्या वर्षी मुलगा आला आणि गुरं विकली गेली. दोन गाई घाटावरचा माणूस घेऊन गेला आणि पाडी, म्हणजे लहान गाय, वहिनीने मालगुंडकडे दिलेल्या बहिणीच्या दारात नेऊन बांधली. त्या दिवाळीला मुलाने परत विचारलं तेव्हा वहिनीजवळ उत्तर नव्हतं. तिला मुंबईला न्यायचं ठरलं. चार महिने राहिली आणि आजारी पडून परत आली. मुलाची खोली चांगली होती म्हणे, सूनही चांगली, पण दिवसभर करायचं काय? मला हे सगळं वाडीतल्या एकाने सांगितलं. मी म्हणालो, वयच झालं होतं तिचं, आज ना उद्या गुरं विकावी लागलीच असती. स्वतःची समजूत घालण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आणि माझा राखलेला सडा? पहिल्या वर्षी बरा होता. दुसऱ्या वर्षी गवत कापायला माणूस मिळाला नाही, मीही म्हटलं, राहू दे, निसर्गाचं निसर्ग बघेल. गवत आडवं झालं, त्यावर पुढच्या वर्षीचं आडवं झालं, जुन्या गादीसारखा थर बसला. त्यातून रानमोडी उठली, घाणेरी आली, करवंदीच्या जाळ्या पसरल्या. बुलबुल आले, सातभाई आले, भारद्वाज आला, मग मोर. माझी वही भरभरून वाहू लागली. रविवारी घरी येऊन बायकोला सांगायचो, बघ, राखलं की कसं होतं. माळटिटवीच्या जागी रेघ मारावी लागायची, तेवढं खटकायचं. त्याला माझ्याकडे कारणं भरपूर होती. चिरेखाणी होत्या, कलमांवरच्या फवारण्या होत्या, सुरुंग लावून सडे फोडून केलेल्या बागा होत्या, ऊन वाढलं होतं. सगळी खरी होती. फक्त माझं नाव त्यांत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात गंमत झाली. कोणा पुढाऱ्याच्या दौऱ्यासाठी शेजारच्या सड्यावर रोलर फिरवून हेलिपॅड केलं होतं. दौरा झाला, हेलिपॅड राहिलं. मी तिथून जाताना पाहिलं तर पांढऱ्या वर्तुळाच्या कडेला माळटिटवी अंड्यावर बसलेली. मला तिचा रागच आला. माझा राखलेला सडा सोडून ही इथे, पुढाऱ्याच्या दारात? कितीतरी वेळ मी तिच्यावर चिडून उभा होतो, आणि ती माझ्याकडे बघत बसून होती.

मग ह्या वर्षी दिवाळीआधी एक मुलगी आली. सड्यांवरच्या पक्ष्यांवर अभ्यास करते, देशावरची. माझ्या वह्यांबद्दल कोणाकडून तरी ऐकून आली होती. तीन दिवस आमच्या पडवीत बसून तिने पंचवीस वर्षांचे रविवार लॅपटॉपमध्ये उतरवले. मी तिच्या भोवती घिरट्या घालत होतो, खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी. तिसऱ्या दिवशी तिने पडदा माझ्याकडे वळवला. बुलबुल, भारद्वाज, मोर यांच्या रेघा चढत गेलेल्या. माळटिटवी, डोंबारी, चंडोल यांच्या बरीच वर्षं हळूहळू उतरत आलेल्या आणि एका जागी पाय घसरावा तशा खाली.

“काका, या वर्षी सड्यावर काय झालं?” तिने त्या जागेवर बोट ठेवून विचारलं.

मी म्हणालो, त्याच्या दोन वर्षं आधी गडगा घातला. तिने विचारलं, आधी गुरं चरायची का? मी हो म्हणालो आणि पाठोपाठ चिरेखाणी, फवारण्या, सुरुंग सगळं सांगू लागलो. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, तेही आहेच, म्हणून तर रेघ आधीपासून उतरतेय, सगळ्याच सड्यांवर उतरतेय. पण हे पक्षी मोकळ्या, चरलेल्या जमिनीचे. गवत वाढलं की त्यांच्या दृष्टीने घराला कुलूप. फार हळू आवाजात सांगत होती बिचारी, तिलाच अपराध्यासारखं झालं होतं. बायको चहा घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली.

त्या रात्री मी जेवलो नाही. अकरा वर्षं मी स्वतः, माझ्या अक्षरात, दर रविवारी हे लिहीत होतो आणि वाचत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वहिनीकडे गेलो. गोठ्यात लाकडं रचलेली होती. ती पडवीत बसली होती, गुडघ्यांना तेल लावत. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. माझं चुकलं, तुझी गुरं गेली, पक्षीही गेले, दोन्हीला मीच कारण. एवढं बोलायला मला बराच वेळ लागला. ती तेलाची वाटी पुसत राहिली.

मग म्हणाली की त्या वर्षी, ज्या आठवड्यात अंडी फुटली त्या आठवड्यात, तिची गुरं सड्यावर गेलीच नव्हती. खुरकुत झालं होतं, तिन्ही गोठ्यात बांधून होती. ती पेज करून पाजत होती त्यांना. खूर कोणाचा होता ते तिला ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, “मग तेव्हा बोलली का नाहीस, वहिनी?”

“तुमी इचाराय नाय आलाव,” ती म्हणाली. “सांगाय आलाव.”

तिने ते रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. रागाला मी उत्तर देऊ शकतो. ती आत गेली, चहा ठेवला आणि चहाबरोबर तांदळाचा लाडू दिला. मी तो हातात धरून रडलो. सत्तरीचा माणूस, लाडू धरून रडतोय. वहिनी दुसरीकडे बघत बसली.

निघताना मी पहिल्यांदा तिला विचारलं, आता काय करू? तिने वेळ न लावता सांगितलं. आधी गवत कापा, रानमोडी मुळासकट काढा. मी म्हणालो, आणि गुरं? मी तुला गाय आणून देतो, दोन देतो. ती म्हणाली, गाय आणाल हो, पण तिला वाट कोण दाखवणार? मला आता चढवत नाही. वासराला वाट आईच्या मागनं कळते, आई तिच्या आईच्या मागनं शिकलेली असते. मग म्हणाली, बहिणीकडची पाडी आहे अजून, म्हातारी व्हायला आली, तीन वेतं झाली तिची. बहिणीच्याने आता होत नाही, ने म्हणते.

कार्तिकात माणसं लावली आणि मीही विळा धरला. पाठ मोडली, पण सड्याचा निम्मा भाग मोकळा झाला. कवाडी काढून टाकली आणि तिच्या दोन्ही बाजूंचा गडगा पाडून चांगली टेम्पो जाईल एवढी वाट केली. आपण फार मोठं काम केलं असं मला पुन्हा एकदा वाटू लागलं होतं.

मार्गशीर्षात टेम्पोतून बहिणीकडची ती गाय आली. तांबूस, बुटकी, एक शिंग जरा वाकडं, मागे वासरू. वहिनीने तिच्या गळ्याखाली खाजवलं तर ती मान वर करून उभी राहिली. एक रात्र गोठ्यात काढली आणि सकाळी वहिनीने दावं सोडलं. मला म्हणाली, तुम्ही मागं राहायचं, पुढं व्हायचं नाही. स्वतः अर्ध्या चढापर्यंत आली, तिथल्या धोंड्यावर बसली आणि मला पुढे जा म्हणून हात केला.

गाय चालत होती. वासरू तिच्या शेपटीला लागून, मी त्याच्या मागे. चढ संपला तिथे उजवीकडे वळलं की मी पाडलेली वाट होती, नवी, रुंद. मी हातातली शिपटी, म्हणजे बारीक काठी, आडवी करून गाईला तिकडे वळवायला गेलो. तिने लक्षच दिलं नाही. सरळ गेली, रानमोडीत घुसली आणि गडग्याला तोंड लावून उभी राहिली. मी हाकललं, ढकललं. ती हलेना. वासरूही तिच्या बाजूला येऊन तसंच उभं राहिलं, दगडांकडे बघत.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गुरांची जुनी वाट तिथून जायची. अकरा वर्षांपूर्वी मी ती बंद केली होती आणि ती नेमकी कुठे होती हेही विसरून गेलो होतो. मी माझ्या स्कूटरच्या सोयीने गडगा पाडला होता.

खालून वहिनीचा आवाज आला, काय झालं म्हणून. मी शिपटी बाजूला ठेवली, वरची काटेरी शिरी ओढून काढली आणि एकेक दगड उचलून टाकायला लागलो. हात सोलवटले. गाय शेजारी उभी राहून रवंथ करत होती, अजिबात घाई नसल्यासारखी. दगड गुडघ्याएवढे उरले तेव्हा तिने मला खांद्याने बाजूला सारलं, एक पाय पलीकडे टाकला आणि सड्यावर गेली.